पल्ल्याचा दाखला

चाकणच्या कारखान्यात जुळणी झालेली मर्सिडीज-बेंझची ‘ईक्यूएस ५८०’ ही विजेवरची मोटार ३० सप्टेंबर २०२२ रोजी बाजारात आली, तेव्हा तिच्या १ कोटी ५५ लाख रुपये किमतीइतकाच आणखी एक आकडा लोकांच्या तोंडी झाला. एकदा पूर्ण चार्ज केली की ही गाडी ८५७ किलोमीटर जाईल, असा दाखला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेने, म्हणजे ज्या ‘एआरएआय’च्या नावाने पुणेकर वेताळ टेकडीचे एक अंगच ओळखतात तिने, विहित पद्धतीने परीक्षण करून दिला होता. त्याच नावाच्या आणि त्याच १०७.८ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी बाळगणाऱ्या गाडीला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने मात्र ३४० मैलांचा, म्हणजे सुमारे ५४७ किलोमीटरांचा, दाखला दिला. दोहोंतील तफावत ३१० किलोमीटरांची आहे. पुण्याहून निघावे, कोल्हापूर मागे टाकावे, निपाणी ओलांडावी आणि तरीही बॅटरीत पुढच्या वाटेची वीज उरावी, एवढी ती मोठी आहे.

ह्या दोन दाखल्यांपैकी खोटा कोणता, असे विचारण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही खरे आहेत, आणि म्हणूनच हा विषय सविस्तर लिहिण्याजोगा आहे. ज्या अटींवर परीक्षण झाले त्या अटी जशाच्या तशा जुळून आल्या, तर गाडी खरोखरच तितके अंतर कापते. अडचण एवढीच की दाखल्यावरचा आकडा शोरूमच्या काचेवर येऊन झळकतो आणि अटी मात्र दफ्तरात राहतात. ज्या माणसाने आयुष्यभराच्या बचतीतून वीस-पंचवीस लाख रुपये मोजून गाडी घेतली, त्याच्या हाती आकडा पडतो आणि त्या आकड्याचा अर्थ पडत नाही, ही गोष्ट मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

हा विषय पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या घरचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा जो मुलूख शेतीवाडीचा होता, तिथे पुढल्या एका पिढीत मोटारधंद्याचे एवढे मोठे जाळे विणले गेले की सुटा भाग ओतण्यापासून ते तयार गाडीची तपासणी करून तिला मंजुरी देण्यापर्यंतची सारी कामे एका दिवसाच्या फेरीत पाहता यावीत. एआरएआयची स्थापना १९६६ची. टाटांचे, म्हणजे त्या वेळच्या टेल्कोचे, पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रही त्याच सालचे. आणि भोसरीला नाशिक रस्त्यावर असलेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट १९६७ची. मोटारी करणारे आणि मोटारी तपासणारे अशा रीतीने इथे एकमेकांच्या शेजारीच वाढले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली लढविलेल्या संग्रामदुर्गासाठी जे चाकण महाराष्ट्राला ठाऊक होते, तिथे आज महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बजाज ह्यांचे कारखाने आहेत आणि एआरएआयचे मंजुरी-परीक्षणाचे केंद्रही आहे. महिंद्रांच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ ह्या विजेवरच्या गाड्या चाकणला तयार होतात, टाटांची ‘हॅरियर ईव्ही’ पिंपरीला, आणि एके काळी मध्यमवर्गाने वर्षानुवर्षे नंबर लावून मिळविलेल्या ‘चेतक’ स्कूटरचा विजेवरचा अवतार आकुर्डीला.

गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न पूर्वी ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा असे. आता तो ‘रेंज किती?’ असा झाला आहे. पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅव्हरेज कमी पडले तर खिशाला चाट बसे, एवढेच. वाटेत पंप पुष्कळ. विजेच्या गाडीत मात्र पल्ल्याचा अंदाज चुकला, तर रात्री घाटात, मुलेबाळे घेऊन, चार्जरच्या शोधात फिरण्याचा प्रसंग येतो. पल्ल्याच्या आकड्याची खातरजमा कशी होते हे म्हणूनच प्रत्येक घेणाऱ्याने जाणून घेतले पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील १२६व्या नियमान्वये कोणत्याही नव्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतल्याशिवाय कारखानदाराला तो विकता येत नाही. विजेच्या गाडीचा पल्ला मोजण्याची पद्धत ‘एआयएस-०४०’ ह्या मानकात मुक्रर केलेली आहे, तर वीजखर्च मोजण्याची ‘एआयएस-०३९’ मध्ये. ह्या पद्धतीचे मूळ युरोपातील ‘आर १०१’ ह्या नियमात आहे, आणि तो नियम शांतपणे वाचला तर परीक्षणशाळेतील कामाचे चित्रच डोळ्यांपुढे उभे राहते.

परीक्षणास येण्याआधीच्या सात दिवसांत गाडी त्याच बॅटरीवर निदान ३०० किलोमीटर चाललेली असावी लागते. नवी कोरी, न हाललेली गाडी चालत नाही. मग तिची बॅटरी ठराविक वेगाने चालवून रिकामी करावयाची, नेहमीच्या पद्धतीने रात्रभर चार्ज करावयाची, आणि चार्जिंग संपल्यापासून चार तासांच्या आत परीक्षणास आरंभ करावयाचा. गाडी रस्त्यावर जातच नाही. जमिनीत बसविलेल्या भल्यामोठ्या रुळांवर तिची चाके ठेवतात, गाडी साखळदंडांनी जागच्या जागी बांधतात आणि समोर पंखा लावतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागेवरच असते. ह्या यंत्राला चॅसिस डायनॅमोमीटर म्हणतात. परंतु रुळाला रस्त्याची जाण कुठून असणार? म्हणून अगोदर मोकळ्या, सरळ, सपाट मार्गावर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडून देतात आणि ती कोणत्या वेगावरून कोणत्या वेगावर किती सेकंदांत उतरली ह्याची नोंद करतात. ह्या ‘कोस्ट-डाउन’मधून हवेचा आणि टायरांचा एकूण विरोध निघतो, आणि तो हिशेब रुळांच्या यंत्राला दिला की यंत्र चाकांना तितकाच विरोध करू लागते. पल्ल्याच्या दाखल्यातील अर्धे इमान ह्या कोस्ट-डाउनच्या कागदात असते, असे म्हणावयास हरकत नाही. कारण तिथे मोजलेल्या विरोधात जराशी सूट मिळाली, तर पुढचा प्रत्येक किलोमीटर स्वस्त होतो.

चालकाच्या समोर एक पडदा असतो. त्यावर वेगाची एक रेषा सरकत येते: इतक्या सेकंदांत इतका वेग, मग इतका वेळ स्थिर, मग उतार, मग थांबा. चालकाने पायाखालच्या पेडलने आपल्या गाडीचा बिंदू त्या रेषेवर ठेवावयाचा. रेषेच्या वरखाली जाण्यास फार थोडी मुभा असते. तीच रेषा संपते आणि पुन्हा सुरू होते, पुन्हा संपते आणि पुन्हा सुरू होते. बॅटरी संपेपर्यंत हे चालते. मानवी गरजा ध्यानात घेऊन चक्रांच्या मधल्या काळात तीनपर्यंत विश्रांती, पण सर्व मिळून १५ मिनिटांपेक्षा अधिक नाही, अशी तजवीज मूळ नियमातच आहे. काही परीक्षणशाळांत पेडलांवर यांत्रिक चालकही बसवितात. अखेर अशी वेळ येते की ताशी ५० किलोमीटरपर्यंतची रेषादेखील गाडीला गाठता येत नाही, किंवा गाडीच्याच फलकावर थांबण्याची सूचना उमटते. तेव्हा चालकाने ब्रेकला पाय न लावता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग ताशी ५ किलोमीटरवर येऊ द्यावयाचा आणि मग ब्रेक लावून गाडी उभी करावयाची. तोवर कापलेले अंतर पूर्ण किलोमीटरांत लिहिले की तो झाला पल्ला. एवढ्यावरही काम संपत नाही. मंजुरीनंतर कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या त्या मंजूर नमुन्याबरहुकूम आहेत की नाहीत, ह्याची तपासणी पुढेही ठराविक मुदतीने होत राहते.

आता मुख्य प्रश्न हा, की पडद्यावर सरकणारी ती रेषा कोणत्या रस्त्याची? दुचाकींसाठी भारतात १०८ सेकंदांचे एक छोटे चालनचक्र आहे, ज्यात वेग ताशी ४२ किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. मोटारींसाठीच्या चक्राला ‘एमआयडीसी’ म्हणतात. ह्या नावाने इथल्या माणसाला औद्योगिक विकास महामंडळच आठवणार, म्हणून पुढे त्याला सुधारित भारतीय चालनचक्र म्हणू. हे युरोपच्या जुन्या चक्रावरून घेतलेले असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग शहराचा: १९५ सेकंदांचा एक फेरा चार वेळा, कमाल वेग ताशी ५०, आणि एका फेऱ्यात कापलेले अंतर जेमतेम एक किलोमीटर. दुसरा भाग शहराबाहेरचा: ४०० सेकंदांचा आणि ताशी ९०पर्यंत जाणारा, युरोपात तो १२०पर्यंत जाई, आपण आपल्या रस्त्यांकडे पाहून तो ९०वर आणला. पहिल्या भागाची सरासरी काढली तर ती ताशी सुमारे १९ किलोमीटर भरते. आणि विजेच्या मोटारींचा जाहीर होणारा पल्ला कित्येक वर्षे ह्या पहिल्या भागावरच बेतलेला असे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये टाटांची ‘कर्व्ह’ आली तेव्हा तिच्या ५५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीचा पल्ला ५८५ किलोमीटर सांगितला गेला. ताशी १९ किलोमीटरच्या गतीने ५८५ किलोमीटर कापावयाचे तर एकतीस तास लागतात. पुण्याहून नागपूरला जाण्यास निघालेला कोणता गृहस्थ एकतीस तास गाडीत बसून, वातानुकूलन बंद ठेवून, ५०च्या वर काटा न नेता जाणार आहे? त्याच वर्षाच्या शरदात दोन्ही भाग मिळून मोजलेला पल्ला जाहीर करण्याचा शिरस्ता पडला, आणि ‘कर्व्ह’चा आकडा ५८५वरून ५०२वर, ‘पंच’चा ४२१वरून ३६५वर आला. गाडीतला एक स्क्रूही बदलला नव्हता. हा बदल फार पूर्वी व्हावयास हवा होता. पण झाला तेव्हा कारखानदारांनी स्वतःचे आकडे सात-आठव्या हिश्श्याने खाली आणून छापले, ह्याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे.

हा आकडा म्हणजे नुसती जाहिरातीची बाब असती तर त्याबद्दल एवढे बोलण्याचे कारण नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान मिळविण्यासाठी विजेच्या दुचाकीचा पल्ला निदान ८० किलोमीटर असावा, अशी अट होती. सरकारी तिजोरीतून पैसा सुटावा की नाही हे ज्या दाखल्यावर ठरते, तो दाखला महसुली दस्तऐवजाच्याच तोलाचा होय.

दोन्ही भाग धरले तरी परीक्षणशाळेबाहेर पुष्कळ काही उरते. शाळेतील हवा २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखलेली असते आणि वातानुकूलन बंद असते. चाकणच्या तळेगाव चौकात मे महिन्यातील दुपारी तीन वाजता, पहिली पाळी सुटून दुसरी भरण्याच्या सुमारास, ह्यांपैकी एकही अट पाळली जात नाही. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता तिथे एकमेकांना छेदतात, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, टेम्पो आणि दुचाकी ह्यांचा खच पडतो, आणि गाडी ताशी १५च्या चालीने सरकली तरी चालक धन्यता मानतो. वातानुकूलन यंत्राला अशा उन्हात सतत दीड किलोवॉट वीज लागते असे धरा. ताशी १५च्या वेगाने त्याचा बोजा किलोमीटरमागे १०० वॉट-तास पडतो. ‘बीई ६’ची ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी परीक्षणात ६८२ किलोमीटर जाते, म्हणजे तिथे गाडी हाकण्याचा संपूर्ण खर्चच किलोमीटरमागे ११६ वॉट-तास आहे; तेव्हा ह्या चौकात नुसता गारवा राखण्यासाठी जवळजवळ आणखी एक गाडी हाकावी लागते. तीच गाडी द्रुतगती मार्गावर ताशी ९०ने निघाली की वातानुकूलनाचा तोच दीड किलोवॉट किलोमीटरमागे १७ वॉट-तासांवर येतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तिथे मात्र दुसरा शत्रू उभा असतो, तो म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन टन वजनाच्या उंच बांध्याच्या गाडीचा साधारण हिशेब मांडला, तर टायरांच्या घर्षणापायी किलोमीटरमागे ५५ वॉट-तास जातात आणि ते वेगाबरोबर फारसे बदलत नाहीत. पण वाऱ्यापायी ताशी ६०ला ३३, १००ला ९२ आणि १२०ला १३० वॉट-तासांहून अधिक जातात. पल्ला वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय, ज्याला कारखानदाराची वा सरकारची कुणाचीच मंजुरी लागत नाही, तो चालकाच्या उजव्या पायाखाली असतो.

आणि घाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. दोन टनांची गाडी तेवढी उचलावयास भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने ३ किलोवॉट-तास लागतात. किलोमीटरमागे १६० वॉट-तासांचा खर्च धरला तर जवळजवळ १९ किलोमीटरांचा पल्ला ह्या एका चढणीने खाल्ला. ही वीज बुडीत मात्र जात नाही. मुंबईकडे उतरताना मोटर जनित्र बनते आणि गाडीला रोखता रोखता चढणीच्या खर्चाचा बराच भाग बॅटरीत परत जमा होतो. पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत जळून जाई आणि घाट उतरल्यावर जळका वास येई. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे: लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत वीज ठेवावयास जागा नसते, परतीची जमा होत नाही आणि सारा भार पुन्हा ब्रेकवर पडतो. थोडी जागा रिकामी ठेवून उतरावे. पल्ल्याचा सारा व्यवहार अखेर जमाखर्चाचाच आहे, आणि जमेच्या रकान्यात जागा ठेवणे हेही त्यात आले.

पल्ला वाढवावा कसा, ह्याला एक उत्तर सर्वांना सुचते: बॅटरी मोठी बसवा. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीसंचात किलोमागे साधारण १४० वॉट-तास मावतात असे धरले, तर ७९ किलोवॉट-तासांच्या संचाचे वजन साडेपाचशे किलोंच्या घरात जाते. म्हणजे सात-आठ माणसे कायमची गाडीत बसलेली. त्यांना वाहून नेण्यास पुन्हा वीज, भक्कम सांगाडा, रुंद टायर, आणि किमतीचा तर प्रश्नच वेगळा. म्हणून ज्यांना ही विद्या खरोखर अवगत आहे, ते आधी गळती बंद करतात. ‘ईक्यूएस’चा वाऱ्याशी विरोध-गुणांक ०.२० आहे, तो त्या गाडीची माशासारखी निमुळती काया हवेच्या बोगद्यात महिनोन्‌महिने घासूनपुसून मिळविलेला आहे. कमी घर्षणाचे टायर, चाकांच्या खिडक्या झाकणाऱ्या तबकड्या, गाडीच्या पोटाखालचा सपाट पत्रा, सिलिकॉन कार्बाइडचे इन्व्हर्टर, बॅटरीचे तापमान राखणारे द्रवाचे अभिसरण, ह्यांतून प्रत्येकी दोन-तीन टक्के निघतात. आणि पल्ल्याच्या कामात खरे कौशल्य ह्या दोन-तीन टक्क्यांच्या वेचणीत आहे.

आकुर्डीच्या ‘चेतक’चे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२०मध्ये पुण्यात आणि बंगळूरला ती विक्रीस आली तेव्हा सुमारे ३ किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर, काटकसरीच्या चालनप्रकारात, पल्ला ९५ किलोमीटर सांगितला होता. डिसेंबर २०२४मध्ये बॅटरी पायाखालच्या फळीत आणून नव्याने रचलेल्या मालिकेत ३.५ किलोवॉट-तासांवर १५३ किलोमीटर सांगितले गेले. बॅटरी सहाव्या हिश्श्याने वाढली आणि पल्ला दीडपटीहून अधिक, असे वरवर दिसते. ह्यात सुधारणा निश्चितच आहे. पण किती, हे सांगता येत नाही, कारण दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. माप न सांगता दिलेला आकडा जाणत्या माणसालाही कसा निरुपयोगी होतो, ह्याचे ह्याहून स्वच्छ प्रत्यंतर मिळणे कठीण.

पल्ल्याची आणखी एक बाजू बॅटरीच्या रसायनात दडलेली आहे. लोह-फॉस्फेटचा सेल स्वस्त, दीर्घायुषी आणि उष्णतेला अधिक धीराने तोंड देणारा. परंतु तो भरलेला असो वा अर्धा, त्याचा दाब ३.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे दाब पाहून आत किती वीज शिल्लक आहे हे ओळखणे जड जाते. गाडीचा संगणक आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेची मोजदाद ठेवून शिल्लक काढतो आणि ही मोजदाद दिवसेंदिवस थोडी थोडी चुकत जाते. अशा गाड्या अधूनमधून पूर्ण चार्ज करा असे कारखानदार सांगतात, त्याचे कारण हे: टोकाला पोचल्यावरच संगणकाला आपला हिशेब जुळवून घेता येतो. फलकावर दिसणारा ‘उरलेला पल्ला’ हा तर नुकत्याच झालेल्या खर्चावरून बांधलेला अंदाज असतो. तळेगाव चौकातून सुटल्याबरोबर तो वाढू लागला तर नवल मानू नये.

सार्वजनिक वाहतुकीत हा प्रश्न अधिक रोखठोक होतो. फेब्रुवारी २०१९मध्ये पीएमपीएमएलच्या विजेच्या बसगाड्या निगडी आणि भेकराईनगर आगारांतून सुरू झाल्या. पुरवठादाराला किलोमीटरमागे मोबदला देण्याचा करार असल्याने इथे पल्ला कमी पडला की फेरी रद्द, उतारू थांब्यावर आणि पैसा बंद. आगारातील वेळापत्रक लावणाऱ्या कारकुनाला छापील पल्ल्याशी काही कर्तव्य नसते. त्याला गर्दीच्या वेळी, पावसाळ्यात, दारे दर मिनिटाला उघडत असताना गाडी किती जाते हेच ठाऊक असावे लागते, आणि ते त्याला ठाऊक असते.

सूर्यप्रकाशाने पल्ला वाढविण्याचाही एक प्रयत्न पुण्यातून झाला आहे. ‘वेव्ह मोबिलिटी’ची ‘इव्हा’ ही चिमुकली गाडी छतावर सौरपट घेऊन २०२३च्या ऑटो एक्स्पोत दिसली. सूर्यापासून वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत मिळतील, असे तिचे कर्ते सांगतात. चौरस मीटरभर पटावर इथल्या उन्हात दिवसाला किलोवॉट-तासभर वीज जमते, आणि हलक्या गाडीला तेवढ्यात दहा किलोमीटर जाता येते. तेव्हा हा दावा हिशेबात बसणारा आहे. दोन टनांच्या गाडीच्या छतावर तोच पट टाकला, तर सहा-सात किलोमीटरांपलीकडे काही हाती लागत नाही. हिंजवडीच्या केपीआयटीने पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केलेली सोडियम-आयन बॅटरी हा निराळा मार्ग आहे. तिचा भर पल्ल्यापेक्षा स्वस्ताईवर आणि सहज मिळणाऱ्या कच्च्या मालावर आहे.

आता पुढे काय व्हावे? युरोपने आपले जुने चक्र सप्टेंबर २०१७ पासून मोडीत काढून ‘डब्ल्यूएलटीपी’ ही पद्धत आणली: ३० मिनिटे, २३ किलोमीटर, कमाल वेग ताशी १३१. ‘बीई ६’चा आकडा आपल्या चक्रावर ६८२ आणि ह्या पद्धतीने ५५० सांगितला जातो, म्हणजे गाडी तीच, आणि आकडा पाचव्या हिश्श्याने खाली. आपल्याकडेही ह्या पद्धतीकडे वळण्याचा विचार सरकारदरबारी चालू आहे आणि तो स्वागतार्ह आहे. पण तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही, कारण युरोपच्या त्या परीक्षणातही हवा २३ अंशांची आणि वातानुकूलन बंदच असते. युरोपला थंडी छळते. आपल्याला एप्रिल आणि मे छळतात. अमेरिकेच्या परीक्षणांत एक परीक्षण ३५ अंश सेल्सिअसला, डोक्यावर उन्हाइतके प्रखर दिवे लावून आणि वातानुकूलन चालू ठेवून घेतात, आणि साध्या परीक्षणांवरच काम भागविणाऱ्या कारखानदाराच्या आकड्याला तिथे ०.७ने गुणतात. ज्या देशात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश आहेत, त्या देशाने ४० अंशांचे, वातानुकूलन सुरू असलेले एक परीक्षण आपल्या नियमांत घालू नये, ह्याला काही सबळ कारण मला दिसत नाही.

टाटांनी ‘सी ७५’ ह्या नावाने एक स्तुत्य पायंडा पाडला आहे. शंभरांतील पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात जेवढा पल्ला मिळावा, तेवढा ते दाखल्याच्या आकड्याशेजारी छापतात; ‘हॅरियर’च्या ७५ किलोवॉट-तासांच्या, मागच्या चाकांनी चालणाऱ्या प्रकाराला दाखल्यात ६२७ किलोमीटर आहेत आणि ह्या नव्या रकान्यात ४८० ते ५०५. परंतु हा कारखानदाराचा स्वतःचा हिशेब आहे. त्यावर त्रयस्थ संस्थेची मोहोर नाही. तीच मोहोर वेताळ टेकडीवरून किंवा चाकणहून उमटावी, आणि शहरातला, ताशी १०० वेगाने महामार्गावरचा व ४० अंशांच्या उन्हातला असे तीन आकडे प्रत्येक गाडीच्या काचेवर एकाच आकाराच्या अक्षरांत छापले जावेत, अशी माझी मागणी आहे. नवी पद्धत स्वीकारताना परीक्षणशाळांची यंत्रे, नमुना-अर्ज आणि चालकांचे शिक्षण ही सारी तशीही नव्याने करावी लागणारच आहेत. उन्हातले परीक्षण त्याच वेळी त्यात घातले तर त्याचा वेगळा खर्च थोडा येईल, आणि पुढे कधीतरी दुरुस्ती म्हणून घातले तर हीच सारी तयारी दुसऱ्यांदा करावी लागेल.